सौर कौले, सौर पॅनेल आणि सपाट छपराचा जमाखर्च

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने उत्तरेस निघाले म्हणजे शहराची वस्ती विरळ होते न होते तोच बख्शी का तालाब हे तहसिलीचे ठिकाण लागते. नवाबी अमदानीतील एका बक्षीने बांधविलेल्या तळ्यावरून नाव पावलेल्या या गावाच्या परिसरात हवाई दलाचा तळ आहे, आमराया आहेत, चंद्रभानु गुप्त यांच्या नावाचे कृषी महाविद्यालय आहे, राज्याची ग्रामविकास संस्था आहे. आणि लखनौ शहर जसजसे या बाजूस पसरत आले, तसतशी या सर्वांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर विटांची, एक-दोन मजल्यांची, सपाट माथ्याची घरे उभी राहिली व अद्याप राहत आहेत. अवधातील जुने खेडवळ घर मातीच्या भिंतींचे व उतरत्या खपरैलीचे असे; बांबूच्या व लाकडाच्या सांगाड्यावर भाजक्या मातीची कौले एकीत एक गुंतवून केलेले ते छप्पर दर पावसाळ्याआधी चाळावे लागे, आणि हाच कंटाळा पुष्कळ अंशी त्याच्या अस्तास कारण झाला. आज त्या बाजूचा गृहस्थ घर बांधावयास काढतो तेव्हा सळया बांधून, सिमेंट ओतून ‘लेंटर’ पडला म्हणजेच आपले घर पक्के झाले असे मानतो. त्या लेंटरावर हिवाळ्यात ऊन खातो, वडे-पापड वाळवितो, उन्हाळ्यातील रात्री खाटा टाकून निजतो, आणि पुढेमागे मुलाचे लग्न ठरले की त्याच्यावरच आणखी एक मजला चढविण्याची तजवीज मनात बाळगतो. छपरावर वीज निर्माण करावयाची तर ती कौलांच्या रूपाने की पॅनेलांच्या रूपाने, या प्रश्नाचा निम्मा निकाल त्या सपाट लेंटराने आधीच लावून ठेवलेला आहे. उरलेला निम्मा मात्र नीट हिशेब मांडल्यावाचून हाती येत नाही.

दोहोंतील मूळ द्रव्य एकच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1954 साली चॅपिन, फुलर व पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा जो घट सिद्ध केला तो अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी अवघ्या सहा टक्क्यांची वीज करीत असे. आजच्या बाजारातील चांगले पॅनेल वीस टक्क्यांच्या वर जाते. आपल्याकडे याच उत्तर प्रदेशात, साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात, 1977 साली पहिला देशी सौर घट तयार झाला. असे अनेक घट ओळीने जोडून, वर कडक काच, पाठीशी प्लास्टिकचे अस्तर अथवा दुसरी काच व भोवती ॲल्युमिनियमची चौकट घातली की पॅनेल झाले. तेच घट कौलाच्या, फरशीच्या किंवा सिमेंटच्या पत्र्याच्या अंगात बसवून, ते अंगच घराचे छप्पर म्हणून वापरले की सौर कौल झाले. म्हणजे पॅनेल हे छपरावर ठेवलेले यंत्र होय, आणि सौर कौल हे स्वतःच छप्पर होय. किमतीचा सारा वाद या एका भेदातून निघतो.

कौलाची कल्पना मनाला ओढ लावणारी आहे यात संशय नाही. घराच्या माथ्यावर निळ्याकाळ्या चौकोनांचा मांडव न दिसता सुंदर, एकरंगी छप्पर दिसावे आणि त्याने मुकाट्याने वीज द्यावी, ही इच्छा अरसिकाची नव्हे. म्हणूनच मोठमोठ्या कंपन्या तिच्या मागे लागल्या. डाऊ या रसायन व्यवसायातील बलाढ्य कंपनीने 2009 साली अशी छपरी पट्टी जाहीर केली, काही वर्षे विकली, आणि 2016 साली तो धंदा बंद केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात टेस्लाचे ईलॉन मस्क यांनी काचेच्या सौर कौलांचे मोठ्या थाटाने प्रदर्शन केले. परंतु पुढे 2021 साली त्या कंपनीने किमती एकाएकी वाढविल्या, आधी करार केलेल्या ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली, आणि निरनिराळ्या छपरांची अवघडता जोखण्यात आपली गंभीर चूक झाली असे खुद्द मस्क यांनाच जाहीरपणे कबूल करावे लागले. आपल्या देशात हैदराबादच्या विसाका इंडस्ट्रीजने सिमेंटच्या तक्त्यात घट बसवून ‘एटम’ नावाचे सौर छप्पर बाजारात आणले आहे; त्याचा रोख मात्र घराच्या शोभेपेक्षा गुदाम, कारखाना, वाहनतळ अशा ठिकाणी पत्र्याची जागा घेण्याकडे अधिक आहे, आणि तो रोख मला फार शहाणपणाचा वाटतो. तो का, हे पुढे येईलच.

आता हिशेब. पॅनेलची बाजू मांडणे सोपे, कारण तिच्यामागे सरकारी दफ्तरातील आकडे आहेत. 13 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत केंद्र सरकार घरगुती सौर संचास पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटमागे 30,000 रुपये व तिसऱ्या किलोवॅटास 18,000 रुपये, असे कमाल 78,000 रुपये अनुदान देते. या रकमा हवेतून आलेल्या नाहीत: पहिल्या दोन किलोवॅटांची प्रमाण किंमत दर किलोवॅटला 50,000 धरून तिच्यातील साठ टक्के, व तिसऱ्याची 45,000 धरून चाळीस टक्के, असा त्यांचा पाया आहे. उत्तर प्रदेश सरकार त्यात आपल्याकडून किलोवॅटमागे 15,000 व जास्तीत जास्त 30,000 रुपयांची भर घालते. म्हणजे बख्शी का तालाबच्या गृहस्थाने तीन किलोवॅटचा संच बसविला तर दोन्ही सरकारांकडून मिळून 1,08,000 रुपये त्याच्या पदरात पडतात. अट अशी की पॅनेलच नव्हे तर त्यातील घटदेखील देशात बनलेले असले पाहिजेत. असे पॅनेल आयात घटांच्या पॅनेलपेक्षा महाग पडते, आणि लोखंडी मांडणी उंच करावयाची झाली तर खर्च आणखी चढतो. म्हणून आपण प्रमाण किमतीवर न थांबता तीन किलोवॅटास एकंदर 1,80,000 रुपये लागले असे समजू.

लखनौच्या आसपासच्या उन्हात एक किलोवॅटचा संच वर्षाला ढोबळमानाने तेराशे युनिट देतो असे धरले तर आपला संच 3,900 युनिट देईल. घरगुती शहरी ग्राहकास वापराच्या टप्प्याप्रमाणे युनिटला साडेपाच ते साडेसहा रुपये पडतात. सहा रुपये सरासरी घेतली तर वर्षाची बचत 23,400 रुपये. अनुदान मुळीच नसते तरी मूळ रक्कम पावणेआठ वर्षांत फिटली असती. अनुदान धरता खिशातून गेलेले 72,000 रुपये तीन वर्षांच्या थोड्या पुढे वसूल होतात. पॅनेलाची शक्ती दरसाल अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटत जाते हे लक्षात घेऊनही पंचवीस वर्षांच्या हमीच्या काळात सुमारे नव्वद हजार युनिट निघतात. मध्यंतरी इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल, त्याची 30,000 रुपयांची तरतूद केली तरी अनुदान वगळून युनिटची पडतळ सव्वादोन-अडीच रुपयांच्या आत राहते.

सौर कौलाची बाजू अशी नेमकी मांडता येत नाही, कारण त्याची किंमत छपराचा उतार, वळचणी, कोन, खालची लाकडी अथवा लोखंडी बैठक आणि बसविणाऱ्याची मजुरी या सर्वांवर अवलंबून असते व घरोघर बदलते. आपण कौलाला अनुकूल असाच अदमास घेऊ: तेवढ्याच तीन किलोवॅटांना पॅनेलच्या केवळ दुप्पट, म्हणजे 3,60,000 रुपये पडले, उत्पन्न पॅनेलहून एक दशांशाने कमी आले, आणि अनुदानही पूर्ण मिळाले. वर्षाची बचत 21,060 रुपये. खिशातून गेले 2,52,000. फेड बारा वर्षांनी.

बारा वर्षे म्हटली तर फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. घर तर पन्नास वर्षांसाठी बांधतो. पण येथेच व्याजाचा विचार केला पाहिजे, आणि मला वाटते, या विषयावर मोठ्या उत्साहाने बोलणारे लोक नेमके याच जागी घाई करतात. पैसा बँकेतून सात टक्क्यांनी घेतला, किंवा आपलाच ठेवीतून काढला व तेवढे व्याज बुडाले असे समजा. 3,60,000 रुपयांवरचे वर्षाचे व्याज 25,200 होते. म्हणजे अनुदानावाचून घेतलेली कौले वर्षभर उन्हात तापून जी वीज देतात तिच्या मोलातून नुसते व्याजदेखील भागत नाही, आणि मुद्दल जागच्या जागी राहून दरसाल चार हजारांचा खड्डा पडत जातो. अनुदान मिळाले तरी 2,52,000 वरचे व्याज 17,640 होऊन मुद्दलाकडे जेमतेम साडेतीन हजार वळतात. त्या गतीने कर्ज फिटावयास पंचवीस वर्षांची मुदतही पुरत नाही. याउलट पॅनेलच्या 72,000 वरचे व्याज पाच हजारांच्या घरात. उरलेले अठरा हजार पहिल्याच वर्षी मुद्दल खाऊ लागतात. किंमत दुप्पट म्हणून फेडीचा काळही दुप्पट, अशी समजूत सर्वसाधारणपणे असते. व्याज मध्ये आले की तो काळ दुपटीने नव्हे, अनेक पटींनी लांबतो, आणि एका मर्यादेपलीकडे फेड होतच नाही. जिल्ह्याच्या गावी नोकरी करून हप्त्याने घर बांधणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा भेद कौलाच्या रंगरूपाहून फार मोठा आहे.

मग कौलाच्या बाजूने काहीच बोलण्यासारखे नाही काय? आहे, आणि ते पुष्कळ वजनाचे आहे. कौल हे छप्पर असल्यामुळे, ते घालणाऱ्याचा साध्या छपराचा खर्च वाचतो. तो वाचलेला खर्च कौलाच्या खात्यातून वजा केला पाहिजे. नवे उतरते छप्पर घालावयाचेच होते आणि तेवढ्या क्षेत्रास साध्या कौलांना व मजुरीला चाळीस हजार लागलेच असते, असे धरले तर कौलाची खरी जास्तीची किंमत 2,12,000 वर येते व फेड दहा वर्षांवर. ज्या इमारतीला छप्परच महाग पडणार आहे, जशी एखादी मोठी पेढी, एखादे पाहुणेघर, तेथे ही वजावट आणखी वाढते. विसाकाचा तक्ता गुदामाच्या पत्र्याची जागा घेतो तेव्हा हेच गणित त्याच्या बाजूने उभे राहते, कारण पत्रा तर नाहीतरी घ्यावयाचाच होता. परंतु बख्शी का तालाबच्या लेंटरावर वजा करण्याजोगे काहीच नाही. छप्पर अगोदरच झालेले, त्याचे पैसे मिस्त्रीला पोचलेले. त्याच्यावर कौले घालावयाची तर आधी वासे, आढे, रीप असा उताराचा सांगाडा केवळ कौलांसाठी उभारावा लागेल, म्हणजे वजावटीच्या जागी उलट भर पडेल. तेथील गृहस्थाने कौलाचा मोह धरू नये असे मी म्हणतो ते या कारणाने. कौल वाईट आहे म्हणून नव्हे.

उत्पन्न एक दशांशाने कमी धरले, त्याचे कारणही पाहिले पाहिजे, कारण अवधातला उन्हाळा हा या व्यवहारातील एक स्वतंत्र पक्षकार आहे. सौर घटाला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याची शक्ती पंचवीस अंशांवर मोजून पाटीवर लिहिलेली असते, आणि त्यापुढे प्रत्येक अंशास ती साधारण 0.35 टक्क्यांनी उतरते. मे महिन्यात लू वाहू लागली, सावलीतला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला, की गच्चीवरच्या पॅनेलातील घट सहज पासष्टवर जातो. चाळीस अंशांची ती वाढ चौदा टक्के वीज खाते. पॅनेलाच्या पाठीमागून निदान वारा खेळतो. कौल मात्र छपराला चिकटून असते, त्याच्या पाठीला हवा लागत नाही, म्हणून ते आणखी तापते. आणखी दहा अंश चढले तर आणखी साडेतीन टक्के गेले. दुसरी गोष्ट दिशेची. सत्तावीस अंश अक्षांशाच्या या प्रदेशात पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, पंचवीसएक अंशांच्या उताराने बसविता येते, मग घराचे तोंड कोणीकडेही असो. कौलाला मात्र घराच्या पाख्याची जी दिशा असेल तीच पत्करावी लागते. भट्ट्यांची व रस्त्याची धूळ, आणि डिसेंबर-जानेवारीत दुपारपर्यंत न उठणारे धुके, यांचा जाच दोघांनाही सारखाच. पण गच्चीवर उभे राहून बादली व फडके घेऊन पॅनेल पुसणे हे घरच्या माणसाचे काम आहे, उतरत्या काचेवर चढून कौले पुसणे हे नव्हे.

सांध्यांचा प्रश्न तर मला किमतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. आज सर्रास मिळणारे 540 वॅटचे पॅनेल सव्वादोन मीटर लांब, मीटरभर रुंद व सत्तावीस-अठ्ठावीस किलो वजनाचे असते. अशी सहा पॅनेले जोडली की तीन किलोवॅट पुरे होतात. त्यांच्या पाठीशी हात घातला तर मध्यावर लहानशा काळ्या डब्या, त्यांतून निघालेल्या दोन काळ्या तारा आणि त्यांच्या टोकांना एकमेकींत खट्कन बसणारी दोन प्लास्टिकची तोंडे, एवढाच सारा पसारा दिसतो. सहा पॅनेलांचे असे सांधे बोटांवर मोजता येतात, आणि प्रत्येक सांधा उभ्याने दिसतो. तेवढीच शक्ती साठ-साठ वॅटच्या कौलांतून काढावयाची तर पन्नासावर कौले लागतात, व त्यांचे सांधे छपराच्या आत, नजरेआड जातात. सांधा सैल झाला, त्यात पाणी गेले, तर तो तापतो, आणि खाली लाकूड असेल तर त्याचा धोका निराळा सांगावयास नको. बिघाड शोधणेही तसेच. पॅनेल निकामी झाले तर गावातला वायरमन चार क्लॅम्प ढिले करून अर्ध्या तासात ते उतरवतो, आणि दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे साधारण त्याच मापाचे व त्याच शक्तीचे पॅनेल त्या जागी चालवून घेता येते. कौल मात्र त्याच कंपनीचे, त्याच मापाचे, त्याच खाचेचे लागते. कंपनीने तो नग बंद केला, जसा डाऊने 2016 साली आपला केला, तर पंचवीस वर्षांच्या हमीचा कागद कपाटात राहतो आणि गळक्या जागी काय बसवावे याची विवंचना घरमालकाला पडते.

तथापि पॅनेल घेतले म्हणजे सारे सुरळीत झाले असे नाही. सपाट छपरावर पैसा जर कोठे वाया जात असेल तर तो मांडणीत. गच्ची वापरात राहावी म्हणून लोक आठ-दहा फूट उंचीचा लोखंडी मांडव मागतात, व ती मागणी रास्त आहे: त्याच्या सावलीने खालची खोली थोडी निवते आणि निजण्याची, वाळवणाची जागाही जात नाही. पण मे-जूनच्या आंधीत हाच मांडव शिडासारखा वारा धरतो. म्हणून त्याचे पाय नुसते ठोकळ्यांवर टेकवलेले नसावेत. तळपट्ट्या, नटबोल्ट व सिमेंटचे पायथे नीट घातलेले असावेत, लोखंड जस्ताच्या कढईत बुडवून काढलेले असावे, रंग फासलेले नव्हे, आणि बोल्टासाठी लेंटरात जेथे भोके पाडली तेथे पाणी न मुरेल असा मसाला भरून घ्यावा. कंत्राटदार किंमत उतरवतो ती बहुधा येथेच, कारण पॅनेलाची पाटी ग्राहक वाचतो, बोल्टाची जाडी कोणी मोजत नाही. माकडांचा उपद्रव त्या बाजूस मोठा. तारा उघड्या लोंबत ठेवू नयेत, नळीतून न्याव्यात. आमराईच्या कडेला घर असेल तर उन्हाळ्यातली दुपारची सावली पाहून भागत नाही, हिवाळ्यात सूर्य खाली असताना झाडाची छाया कोठवर येते ते पाहावे. एका पॅनेलाच्या कोपऱ्यावरची सावलीही सबंध ओळीला मागे खेचते.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या आधी स्पष्ट झाली पाहिजे, कारण तिच्याबद्दल मनस्ताप पुष्कळांना होतो. बॅटरीवाचूनचा, वीज मंडळाच्या तारेशी जोडलेला संच, मग तो कौलांचा असो वा पॅनेलांचा, तारेतील वीज गेली की स्वतःही बंद पडतो, डोक्यावर लख्ख ऊन असले तरी. खांबावर चढलेल्या कामगाराला आपल्या छपरावरच्या विजेने झटका बसू नये यासाठी ती योजना मुद्दाम केलेली आहे. तेव्हा ज्याला भारनियमनाच्या वेळी पंखा चालू हवा आहे त्याने बॅटरीचा खर्च निराळा धरावा. कौलांवर खर्च करावयाचा जास्तीचा पैसा जर कोणाजवळ खरोखरच असेल, तर बख्शी का तालाबसारख्या ठिकाणी तो बॅटरीत घालणे मी अधिक योग्य मानतो.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात एव्हाना कोकणचे छप्पर उभे राहिले असेल, आणि ते साहजिक आहे. मंगळुरी कौलांची परंपरा बासेल मिशनने 1865 साली मंगळुरास काढलेल्या कारखान्यापासून पश्चिम किनाऱ्यावर पसरली, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात चौपाखी घर अद्याप नाहीसे झालेले नाही. तेथे उतार आहे, कौल बदलण्याचा खर्च आहे, म्हणजे अवधात जी वजावट मिळत नव्हती ती येथे मिळते. तरीही सबंध छप्पर सौर कौलांचे करण्याचे कारण नाही: उत्तरेकडच्या पाख्याला ऊन तिरपे लागते, आणि माडा-पोफळींची सावली कोठे ना कोठे पडतेच. नवे घर, दक्षिणेचा मोकळा पाखा, बसविणारी कंपनी जवळच्या शहरात ठाण मांडून असलेली, आणि पदरी व्याज न लागणारा पैसा, एवढ्या चार गोष्टी एकत्र आल्या तर त्या एका पाख्यापुरती सौर कौले घालावीत, बाकीच्यांवर साधी कौले असू द्यावीत. आणि घर जुने असेल, कौले अजून शाबूत असतील, तर तीही काढावयास नकोत. वाशाला पोलादी हूक जखडून, ते कौलांच्या सांध्यातून वर काढून, त्यांच्यावर ॲल्युमिनियमचे रूळ व रुळांवर पॅनेल, अशी मांडणी करता येते. हूक मात्र रिपेला नव्हे, वाशालाच मारला पाहिजे, आणि तो मारण्यापूर्वी वासा वाळवीने पोखरलेला नाही ना, हे सुताराकडून टोचून पाहून घ्यावे.